ऐकतंय कोण?

बदलापुरात कात्रपच्या शाळेमागच्या मैदानात कबड्डीची मॅट अंथरायला घेतली की मी स्वयंपाकघराची खिडकी लावून घेते. यंदाही लावली. नवऱ्याने विचारलं, "थंडी वाजते का?" मी हो म्हटलं. डिसेंबर आहे, थंडी वाजायला हरकत नाही. पण खिडकी लावण्याचं कारण वेगळं आहे. लाउडस्पीकरवर कुणीतरी "हॅलो, हॅलो, माइक चेक" सुरू केलं की मी हातातलं काम विसरते आणि गॅसवरची फोडणी करपते. इतक्या वर्षांत हे गेलं नाही, आता जाईल असं वाटतही नाही.

आमच्या पट्ट्यात हिवाळा म्हणजे कबड्डी. बदलापूरकडे भाताची कापणी आटपली की शेतं मोकळी होतात, पोरं मोकळी होतात आणि गल्लोगल्ली मंडळांचे सामने लागतात. पूर्वी ते मातीवर व्हायचे. दुपारी पाणी मारून माती बसवायची, चुन्याने रेषा आखायच्या, बांबूंना बल्बांच्या माळा बांधायच्या. त्या ओल्या मातीचा वास अजून माझ्या नाकात आहे. त्यात चुन्याचा तिखटपणा असे आणि खेळाडूंनी गुडघ्यांना चोळलेल्या मलमाचा वास. आता मॅटला रबराचा वास येतो. सामना मोबाइलवर दिसतो. मी शाळेत खेळाची शिक्षिका आहे; माझ्या मुली कालची पकड मला फोनवर पुन्हा पुन्हा दाखवतात, मागे नेऊन, थांबवून, मोठी करून. "मॅडम, बघा ना!" मी बघते. छान दिसतं सगळं.

मला मात्र आठवतो तो हिवाळा, ज्यात काहीच दिसत नव्हतं.

नवं शतक लागून पाच-सहा वर्षं झाली होती. उल्हासनगरच्या पाच नंबर कॅम्पात गोपशेठ नावाचे सिंधी गृहस्थ केबलचा धंदा करायचे. त्यांची वायर कॅम्पाकॅम्पांतून फिरत अंबरनाथपर्यंत यायची आणि पुढे बदलापूरला त्यांच्या एका दोस्ताच्या केबलला जोडलेली होती. गोपशेठना क्रिकेटचं वेड, आणि बोलण्याचं त्याहून जास्त. त्यांना रेडिओ स्टेशन काढायचं होतं, फक्त खेळाच्या गप्पांचं. एफएमचा परवाना त्यांच्या आवाक्याबाहेरचा. मग त्यांनी केबलवरचा एक रिकामा चॅनल धरला आणि टीव्हीवरच रेडिओ सुरू केला. पडद्यावर एका हिरव्या मैदानाचं चित्र, सकाळपासून रात्रीपर्यंत तेच, आणि मागून माणसांचा आवाज. सुरुवातीला केबलच्या ऑफिसात तक्रारींचा नुसता पाऊस पडला. "तुमचं चित्र अडकलंय." अंबरनाथच्या एका आजोबांनी फोन करून कळवलं की टीव्हीला दोन्ही बाजूंनी थापट्या मारून पाहिल्या, तरी मैदान काही हलत नाही.

स्टुडिओ म्हणजे केबलच्या खोलीला लागून असलेली एक कोंदट खोली. खाली जीन्सचा कारखाना. मशीनची घरघर वर येऊ नये म्हणून गोपशेठनी कारखान्यातल्याच चिंध्या गोण्यांत भरून त्या गोण्या भिंतींना ठोकल्या होत्या. घरघर यायची ती यायचीच. शिवाय खोलीला कोऱ्या जाड कापडाचा वास, आणि भिंतीला टेकून बसलं की पाठीवर निळा डाग. खिडकीतून लांबवर वालधुनी नदीचं पाणी दिसायचं, तेही कधी कधी त्याच रंगाचं. माझे कपडे धुताना आई म्हणायची, "बोलायला जातेस की रंगवायला?"

मी तिथे पोचले गुडघ्यामुळे. मी चढाईची खेळाडू. अंबरनाथच्या आमच्या मंडळात माझं नाव होतं. त्याच्या दोन हिवाळे आधी एका सामन्यात मला पाचजणींनी रेषेवर दाबलं आणि गुडघ्यातून असा आवाज आला, की पंचांनीही तोंड फिरवलं. डॉक्टर म्हणाले, काळजी करू नका, चालता येईल. चालता! माझे बाबा ऑर्डनन्स फॅक्टरीत, भोंग्याबरोबर उठणारे, बोलण्यात काटकसर करणारे. भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या फोटोकडे बघून ते एवढंच म्हणायचे, "शिकलेल्या मुलीने घरात बसू नये." आणि मी घरातच बसलेली, आईबरोबर डाळ निवडत. गोपशेठना कबड्डीवर मराठीत बोलणारं कुणीतरी हवंय असं कानावर आलं आणि मी शेअर रिक्षा पकडून सरळ त्यांच्या दारात उभी राहिले. माइकसमोर पहिलं वाक्य बोलले तेव्हा कळलं: खेळ गेला होता, पण मी गेले नव्हते. हे स्टेशन चाललं तर मी कुणीतरी होते. बंद पडलं तर पुन्हा डाळीचं ताट. इतकं ते सरळ होतं.

आणि चालणार की नाही, हे रोज संध्याकाळी चहाच्या ग्लासाबरोबर माझ्यासमोर यायचं. गोपशेठ दारात उभे राहायचे, बशीत चहा ओतायचे, फुंकर मारायचे आणि म्हणायचे, "बेटा, बोलते तो बहोत अच्छा हो. लेकिन ऐकतंय कोण?"

'ऐकतंय कोण' एवढंच ते मराठीत म्हणायचे. बाकी सगळं हिंदीत. "दुकानवाला पूछता है, शेठ, मेरी अ‍ॅड किसको सुनाओगे? मैं क्या बोलूँ? उस मैदान के फोटो को? होली तक देखता हूँ. फिर चॅनल पे गाने लगा दूँगा, फर्निचर-साडीवालों की अ‍ॅड चला दूँगा. मेरी भी मजबूरी है."

मी म्हणायचे, "ऐकतात हो शेठ, खूप लोक ऐकतात." आणि जिना उतरताना होळीला किती दिवस उरले ते मोजायचे.

कारण मलाही माहीत नव्हतं. मैदानात खेळताना माणसं दिसतात. कोण ओरडतंय, कोण शेंगा खातंय, कोण सामना सोडून भलतीकडे बघतंय, सगळं दिसतं. माइकसमोर बसलं की पुढे फक्त गोणी. त्या गोणीला मी रोज उत्साहाने नमस्कार करायचे. त्यात त्या वर्षांतलं भारनियमन. बदलापुरात वीज गेली की तिकडचे श्रोते गेले, म्हणजे असलेच तर. मग उल्हासनगरचा नंबर लागायचा. कुठे कधी अंधार असणार याचं वेळापत्रक आम्हाला सामन्यांच्या वेळापत्रकापेक्षा जास्त पाठ होतं.

पुरावा म्हणून आमच्याकडे फोन करणारे होते, चारच, पण रोजचे. एक मिठाईवाले, त्यांना जगातल्या कुठल्याही संघाच्या कॅप्टनला काढून टाकायचं असायचं. एक विमा एजंट, जे खेळाडूच्या दुखापतीवरून हळूच पॉलिसीवर घसरायचे. एक निवृत्त गृहस्थ, त्यांना आपल्या तरुणपणातलं कुणीच आता खेळत नाही याचं दुःख होतं. आणि चौथे गोपशेठचे साडू. दुपारी गोपशेठ स्वतः क्रिकेटवर बोलायचे तेव्हा हे चौघे आळीपाळीने फोन करून एकमेकांशी भांडायचे, आणि भांडण रंगलं की गोपशेठना वाटायचं आपलं चाललंय. ऐकणारा म्हणजे दुपारी गिऱ्हाईक नसलेला दुकानदार, हे त्यांचं गणित. मला वाटायचं, खेळणाऱ्या मुली ऐकत असतील. त्या तर सरावाला मैदानात असायच्या, त्या कशाला ऐकतायत!

आता मुलींच्या मोबाइलवर कोपऱ्यात आकडा येतो, किती जण बघतायत त्याचा. तो वर चढला की त्या खूश, खाली आला की तोंडं पडतात. मला त्या आकड्याचा कधीकधी हेवा वाटतो. गोपशेठना तो दाखवता आला असता तर माझा निम्मा हिवाळा बरा गेला असता. पण त्या आकड्यातली माणसं कुठे बसलीत, काय करतायत, हे त्यालाही सांगता येत नाही. मुलींना हे बोलून दाखवलं की त्या "मॅडम!" म्हणतात आणि पुढचा सामना लावतात.

संध्याकाळी सातला आमची वेळ, माझी आणि नारायणदादांची. दादा बदलापूरच्या हेंद्रेपाड्याचे. घरची भातशेती होती, बरीचशी बिल्डरकडे गेली, उरलेल्या तुकड्यात वाल लावायचे. पंचक्रोशीत कुठेही सामना असला की माइकवर दादाच. जानेवारीत ते येताना पिशवीतून पोपटी आणायचे, मडक्यात भाजलेल्या वालाच्या शेंगा, आणि त्या धुराच्या वासाने आमची खोली थोडा वेळ तरी माणसांत यायची. काल झालेला सामना आज सांगायचा, हा आमचा कार्यक्रम. छोट्या मंडळांच्या सामन्यांचा निकाल पेपरात येत नसे. तो आमच्याकडेच कळायचा, आणि याचा आम्हाला भारी अभिमान.

पण सांगायचा कसा? मैदानावरच्या माइकवाल्याला खेळ सांगावा लागत नाही, तो सगळ्यांसमोर चाललेलाच असतो. त्याने बाकीचं सांगायचं. कोण पाहुणे आले, कुणाचा सत्कार झाला, कुठल्या चढाईला कुणी इनाम लावलं, कुणाची मोटारसायकल वाटेत उभी आहे. हातात चिठ्ठी आली की ती वाचायची; माइकवाल्याने चिठ्ठी वाचली नाही तर देणाऱ्याची मान खाली जाते. आणि मधूनमधून "बघा, बघा!" म्हणून रान उठवायचं. दादांनी उभं आयुष्य हेच केलं होतं आणि झकास केलं होतं. स्टुडिओतही ते हेच करायचे. काल येऊन गेलेल्या पाहुण्यांचं ते आज सहर्ष स्वागत करायचे, शाल, नारळ, नाव, हुद्दा यांसकट. मग एकदम, "आनि बघा मंडली, बघा, बघा! गेला कोपऱ्यात! अरारारा!" एवढं म्हणून ते समाधानाने पाणी प्यायचे. मी शेजारी बसून टाळ्या वाजवायचे. मी तो सामना पाहिलेला असायचा, मला सगळं कळायचं. यात काही राहून जातंय अशी शंका आम्हा दोघांनाही कधी आली नाही.

कारखान्याचं दार जिन्यातच होतं. संध्याकाळी तिथे बायका उभ्या असायच्या. शिवून झालेल्या पँटींचं बंडल घरी न्यायचं, शिलाईचे लोंबणारे धागे बारीक कात्रीने कापायचे, आणि बंडल परत आणून द्यायचं. धागा कटिंग म्हणतात त्याला. उल्हासनगरात कितीतरी घरं त्यावर चालायची. मी रोज त्यांच्या बाजूने वाट काढत वर जायचे. एक दिवस एका बाईने वाट दिलीच नाही. डोक्यावर बंडल, एक हात त्याला लावलेला.

"तुमीच का हो त्या टीव्हीतल्या ताई? आवाजावरनं वळखलं."

मी हुरळले. हो म्हणाले.

"मग त्या काकांना सांगा जरा. बघा बघा म्हणतात. काय बघू? गेला कोपऱ्यात म्हणतात. कोण गेला? कुठल्या कोपऱ्यात? सुटला का धरला? काय कळंना का वळंना. आणि ते पावण्यांचे सत्कार आमाला कशाला? आमाला काय त्यांच्या घरी सोयरीक करायचीय?"

बाकीच्या बायका हसल्या. मीही हसले, पण कानशिलं गरम झाली होती. तिचं नाव बेबीताई. सुभाष टेकडीला राहायची. "ऐकता तुम्ही आम्हाला?" मी विचारलं. "मग काय? रोज," ती म्हणाली आणि बंडल सावरत खाली उतरली.

वर जाऊन मी दादांना सांगितलं. मला वाटलं चिडतील. शेंग सोलता सोलता त्यांनी समोरच्या गोणीकडे पाहिलं. मग म्हणाले, "खरं बोलली ती. अगो, मना कवा समजलंच नाय. समोर कोन बी नाय आनि मी आपला बघ बघ करतंय."

त्या दिवसापासून आमचं काम बदललं. सोपं नव्हतं. माझं सगळं आयुष्य पायांनी खेळण्यात गेलेलं. ते पाय शब्दांत कसे मांडायचे? घरी भात शिजत असताना मी डोळे मिटून उभी राहायचे आणि स्वतःशीच बोलायचे. ती मध्यरेषा ओलांडून आली. उजवा पाय पुढे, डावा टाचेवर. डाव्या कोपऱ्यातली मुलगी इतकी वाकलीय, की तिची वेणी मातीला लागतेय. मधल्या दोघींनी एकमेकींचे हात धरलेत, पण एकीचं लक्ष पंचाकडे आहे. चढाईवाली तिच्याकडे बघतच नाही, मुद्दाम. आता पाय टाकला. हे बोलताना माझा गुडघा खरंच दुखायचा. आई म्हणायची, पोरीला लागिरं झालंय. सातला दादा आणि मी ते वाटून घ्यायचो. पाय माझे, आरोळी त्यांची. पाहुण्यांचे सत्कार बंद. दादांना ते सुरुवातीला फार जड गेलं, वाढलेल्या ताटावरून उठवल्यासारखं तोंड करून बसायचे. मग एकदा मी चढाई सांगत असताना ते "पुढं काय झालं?" असं विचारून बसले. सामना त्यांनीच आदल्या दिवशी माइकवर केला होता.

आमचा कालचा कार्यक्रम दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा लागायचा. एका दुपारी मी बेबीताईचं घर शोधत टेकडीवर गेले. गल्ली अरुंद, उन्हात वाळत घातलेल्या गोधड्या, कुठेतरी सुक्या बोंबलांचा वास. वळणावर मला माझा आवाज ऐकू आला. मी थबकले. पुढच्या दारातूनही तोच. त्याच्या पुढच्याही. दारं उघडी, आत उंबऱ्याजवळच्या उजेडात बाया बसलेल्या, मांडीवर निळ्या पँटी, कात्र्या चालू. आणि मी घराघरांतून सांगत होते की डावा कोपरा मोकळा पडलाय. मी गल्लीतून चालत गेले तशी एकच चढाई माझ्याबरोबर चालत आली. एका घरी ती सुरू झाली, बेबीताईच्या दाराशी संपली.

"जय भीम," मी म्हटलं. "जय भीम, ये," ती म्हणाली, आणि त्या क्षणापासून ती मला अगं-तुगं करायला लागली. बुद्धाची छोटी मूर्ती टीव्हीवरच ठेवलेली, तिच्याखाली आमचं हिरवं मैदान. त्या मैदानाकडे गल्लीत कुणाचंच लक्ष नव्हतं, हे मला खटकलं. वाटलं, निदान चित्र हलतं असतं. बेबीताई मात्र बोलतच होती, "ती तुमची अंबरनाथची डावखुरी परवा घाबरली, नाही का गं? तू काही बोलली नाहीस. पण तुझ्या आवाजात कळलं." तिने आयुष्यात एकही सामना पाहिला नव्हता. चहा पिताना माझा आनंद मनात मावेना. आणि त्याच्या मागोमाग भीती. ऐकतंय कोण, ते मला आता माहीत होतं. आता ते गोपशेठना सांगायचं होतं.

त्यांनी बशी खाली ठेवली. "औरतें? कबड्डी?" मग हसले, मनापासून हसले. "हमारा टार्गेट नीचे सीढ़ी पे खड़ा था, और मैं पूरे कॅम्प में ढूँढ रहा था!" दुसऱ्या दिवशी ते उत्साहाने दुकानं फिरायला निघाले. मिक्सरवाले, साडीवाले, फर्निचरवाले. संध्याकाळी परत आले तेव्हा उत्साह उतरला होता. सगळीकडे एकच उत्तर मिळालं होतं: धागा कापणाऱ्या बाया आमच्या दुकानाची पायरी चढत नाहीत. "कैमरा लेता हूँ," ते म्हणाले. "पिक्चर दिखेगी तो आदमी लोग भी देखेंगे." मलाही ते पटलं. आमची खोट एकच, चित्र नाही, असं मी मनाशी धरून बसले होते. कॅमेरा काही आला नाही. होळी मात्र जवळ येत चालली.

मग खालचे कारखानदार तयार झाले. वर्षभराची जाहिरात द्यायला. गोपशेठनी पेढे आणले. मी घरी जाऊन बाबांना सांगितलं, स्टेशन टिकलं. त्या रात्री बाबांनी माझ्या ताटात स्वतःच्या हाताने भाजी वाढली.

बदलापूरच्या स्पर्धेचा उपांत्य सामना सांगायच्या संध्याकाळी खालून एक माणूस वर आला आणि त्याने दादांच्या हातात चिठ्ठी दिली. दादांनी सवयीने चष्मा लावला. मी शेजारून वाचली. ज्यांची बंडलं यायची राहिलीत त्या बायकांची नावं होती, गल्लीसकट, आणि खाली लिहिलं होतं की रोज दोन चढायांच्या मध्ये वाचावीत. तिसरं नाव बेबीताईचं. जाहिरात याच्यासाठी होती. बायका ऐकतात, हे मीच तर सांगितलं होतं.

दादांनी आयुष्यात एकही चिठ्ठी न वाचता सोडली नव्हती. त्यांनी घसा खाकरला. त्यांनी चिठ्ठीची घडी घातली, पाण्याच्या ग्लासाखाली ठेवली आणि माइकमध्ये म्हणाले, "हां, तर चढाईला कोन चालली, बोल पोरी."

मी बोलले. काय बोलले ते आठवत नाही. कार्यक्रम संपल्यावर गोपशेठ आत आले. ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. "दादा, ये चॅनल की आखरी साँस थी."

"शेठ," दादा म्हणाले, "मैदानावर चिट्टी येते ती इनाम द्याला. कोना गरिबाची अब्रू काढाला नाय येत."

आज मी ही गोष्ट सांगते तेव्हा लोक म्हणतात, वा, काय माणूस! मीही म्हणते. पण त्या संध्याकाळी मला त्यांचा राग आला होता, असा राग, की मी त्यांच्यासाठी न थांबता एकटीच घरी निघाले. त्यांना शेत होतं, मैदान होतं, माइक होता. मला ही एकच खोली होती. त्यांनी नावं वाचायला हवी होती असं मला वाटत नव्हतं, आणि स्टेशन बंद पडावं असंही वाटत नव्हतं. दोन्ही एकदम होणार नव्हतं. रिक्षात बसल्या बसल्या मी रडले. शेजारच्या बाईने विचारलं, "काय झालं गं?" मी म्हटलं, गुडघा दुखतोय.

होळीला उल्हासनगरच्या नाक्यानाक्यावर लाकडांबरोबर जीन्सच्या चिंध्याही जाळत. त्याचा काळा, घशाला बसणारा धूर दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत हवेत असे. त्या धुरातून मी स्टुडिओत गेले तेव्हा चॅनलवर गाणी लागलेली होती आणि खाली दुकानांची नावं सरकत होती. चित्र छान हलत होतं. गोपशेठनी मला खुर्चीत बसवलं, चहा मागवला, आणि आम्ही दोघं तो प्यायलो. टेकडीवरच्या बायकांना त्या चिठ्ठीबद्दल कधीच कळलं नाही.

त्यानंतर बदलापूरला अंतिम सामना झाला. मी गेले. दादा माइकवर होते, आणि त्यांचं काय बिनसलं होतं कोण जाणे, ते पाहुण्यांची नावं विसरून पाय सांगायला लागले. उजवा पुढं, डावा टाचेवर, कोपरा वाकलेला. लोक ओरडले, "दादा, दिसतंय की आम्हाला!" सगळं मैदान हसलं. दादाही हसले, आणि मग पाहुण्यांची नावं वाचायला लागले.

दुसऱ्या दिवशी मी टेकडीवर गेले. का गेले, सांगता येत नाही. निरोप घ्यायला म्हणावं, तर तसं काही ठरवून नव्हते गेले. गल्लीत घराघरांतून गाणी येत होती, कुठे सिरियल, बऱ्याच घरी टीव्ही बंदच. बेबीताईने मला बघितलं आणि पाट सरकवला. "फायनलचं काय झालं गं? कुठनं कळंचना."

मी सांगितलं. उंबऱ्यात बसून, पहिल्या चढाईपासून. शेजारच्या दोघीतिघी आपापली बंडलं उचलून दाराशी येऊन बसल्या. सगळ्यांच्या कात्र्या चालत होत्या. शेवटच्या पकडीला त्या थांबल्या. मग अंबरनाथ जिंकलं असं मी म्हटलं, आणि सगळ्याजणी पुन्हा कामाला लागल्या.

"आता उद्यापास्नं काय लावायचं?" बेबीताईने विचारलं.

"लावा काहीतरी," मी म्हणाले. "सिरियल लावा. चित्र तरी दिसेल."

"सिरियलला मान वर करावी लागते, बाई," ती म्हणाली, आणि तिने पुढची पँट मांडीवर ओढली.